खालच्या दोन ओळी

बँडचे लटारी मेश्राम मास्तर दोन दिवस कारल्याचा रस पिऊन रक्त तपासायला आले होते, आणि ते त्यांनी आल्या आल्या मला अभिमानानं सांगितलं.

"दोन दिस झाले, भात नाही का साखरेचा कन नाही. काल ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पायदळ फिरलो. आता काढा रगत. पाहू कसा नापास होतो तं."

"मास्तर, ही परीक्षा अभ्यास करून द्यायची नसते," मी म्हणालो.

"मंग कशी द्याची जी?"

"रोज जसे राहता तसं येऊन द्यायची."

"म्हंजे नापास व्हाची," असं म्हणून त्यांनी बाही वर केली आणि हसताना सवयीनं तोंडावर हात धरला. वरचे समोरचे चार दात नव्हते.

ब्रह्मपुरीतल्या त्या लॅबमध्ये मी तेव्हा पंधरा वर्षं काम करत होतो. रक्त घ्यायचं, फिरवायचं, मशीनला लावायचं आणि रिपोर्ट टाइप करायचा. सही करणारे डॉक्टर आठवड्यातून दोनदा नागपूरहून येत. एरवी त्यांची स्कॅन केलेली सही कॉम्प्युटरमध्ये असायची. म्हणजे नाव त्यांचं आणि कारभार माझा. रक्तातली साखर पाहायची म्हटलं की माणसं दोन दिवस उपाशी राहून येतात, हे मला पाठ झालं होतं. घरात लपवाछपवी नको म्हणणारी माणसंसुद्धा लॅबमध्ये येताना रक्ताला इस्त्री करून आणतात.

पण या वेळी चिठ्ठी पाठवणाऱ्या डॉक्टरही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. बसस्टँडच्या रस्त्यावर दीडेक वर्षापूर्वी दाताचा दवाखाना निघाला होता, डॉ. ऋचा वैरागडे यांचा. त्यांनी चिठ्ठीवर तीन महिन्यांची सरासरी साखर मागितली होती. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण तीन-चार महिने जगतात. तेवढ्या दिवसांत त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला जितकी साखर चिकटते ती मोजायची. दोन दिवसांच्या कारल्यानं ती निघत नाही.

"इम्प्लांट बसवायचं म्हणता?" मी सुई काढून कापूस धरला.

"स्क्रू बसवते म्हने जबड्यात. टायटन का काय त्या धातूचा. बाईनं मले सारं समजावून सांगितलं. हाडाच्या पेशी येते, त्या स्क्रूले धरते, अन् तीन-चार महिन्यात हाड त्याले आपलं म्हनते. एकडाव आपलं म्हनलं का मंग वरून दात बसवाचे. पन रगतात साखर असन तं हाड काही आपलं म्हनत नाही. स्क्रू परका तो परकाच."

मास्तरांनी बाईंपेक्षा चांगलं समजावलं होतं. मी त्यात माझीही भर घातली, कारण ज्ञान पाजळायची संधी मला फार कमी मिळायची. हाड म्हणजे नुसता चुना नाही, त्याच्या आत प्रथिनांची वीण असते. जास्तीची साखर त्या विणीला चिकटून ती कडक करते, नवीन हाड बांधणाऱ्या पेशी आळसावतात, जखमेवर येणाऱ्या पेशी वेळेवर पोचत नाहीत. मास्तर मान डोलावत ऐकत होते.

"पण कवळी होती ना तुम्हाला?"

मास्तरांनी माझ्या खिशातला पेन काढून घेतला आणि तोंडात धरला. खालचा ओठ दातांवर दुमडला, वरून पेन हिरडीला टेकवला.

"हे पाहा. क्लारनेट असा धरा लागते. खालचा ओठ गादी अन् वरचे दात पाट. पाटच हालला तं सूर कसा बसन? खालच्या सुरात कवळी चालते. वर चढलं का हालते. गेल्या वैशाखात आरमोरीच्या वरातीत कवळी सुटून क्लारनेटच्या तोंडाशी अटकली. बँडवाल्याईनं पाहिलं, वऱ्हाड्याईनं पाहिलं, नवरदेवाच्या घोड्यानंही पाहिलं."

मी हसलो. तेही हसले, मग पेन धोतराला पुसून माझ्या खिशात परत ठेवला.

"आता पोरीचं जुळून रायलं," ते म्हणाले. "प्रणिताचं. दिवाळी तोंडावर आली, ते झाली का साक्षगंध, अन् वैशाखात लगन. दात होते तवा चने नव्हते, आता चने आले तं दात गेले. नाकाडे भाऊ, तीस वर्सं मी लोकाईच्या पोरी वाजवून सासरी पाठवल्या. माही पोरगी दुसऱ्याच्या फुकीवर जाईन का?"

त्यांचा बँड आमच्या भागात नावाजलेला होता. माझ्या बहिणीच्या लग्नात, ती गाडीत बसल्यावर, मास्तर एकटेच पुढे येऊन क्लॅरिनेट वाजवत राहिले होते आणि माझ्या वडिलांनी, जे कधी कुणासमोर रडले नाहीत त्यांनी, मांडवाच्या खांबाला डोकं टेकलं होतं. मास्तरांचे दात बसावेत असं मला मनापासून वाटत होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं मी जे केलं ते वैरीसुद्धा करणार नाही.

दुपारी मशीननं आकडा दिला, पाच पॉइंट नऊ. चांगला आकडा. मधुमेह नाही, फार तर उंबरठ्यावर. पण मशीन आकड्याबरोबर एक आलेखही काढायचं. त्यात हिमोग्लोबिनच्या प्रत्येक प्रकाराची एक टेकडी येते. मास्तरांच्या आलेखात जिथं काही नको होतं तिथं एक भलीमोठी टेकडी उभी होती.

आमच्या भागात ती टेकडी ओळखायला शिकावंच लागत नाही. सिकलसेल. एका पालकाकडून आलेला असेल तर माणूस धडधाकट असतो, नुसता वाहक. सरकारी शिबिरात त्याला पिवळं कार्ड देतात, ज्याला सिकल नाही त्याला पांढरं. दोघांकडून आलेला असेल तर लाल कार्ड, आणि ते आजारपण जन्मभराचं. मास्तर पिवळे होते. त्यांना त्याचा काही त्रास नव्हता. पण आमच्या त्या जुन्या मशीनला होता. अशा रक्तात साखरेचा आकडा ते खाली दाखवायचं. पाच पॉइंट नऊ म्हणजे खरे सात असू शकत होते, नऊही असू शकत होते.

मला हे माहीत होतं. मी रिपोर्टच्या खाली इंग्रजीत दोन ओळींचा शेरा टाइप केला. पहिली ओळ, हिमोग्लोबिन एस आढळलं आहे. दुसरी ओळ, त्यामुळे वरच्या आकड्यावर विसंबू नये, जेवणानंतरची साखर आणि फ्रुक्टोसामिन करून घ्यावं. फ्रुक्टोसामिन म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर. तिथं हिमोग्लोबिनचा संबंधच येत नाही, त्यामुळे सिकल असला तरी ती खोटं बोलत नाही. नमुना नागपूरला पाठवावा लागायचा, दोन दिवस लागायचे, एवढंच. शेरा लिहून मी स्वतःवरच खूश झालो. असं बारकाईनं कोण पाहतं, असं मनात म्हटलं.

संध्याकाळी मास्तर रिपोर्ट न्यायला आले. आकडा ऐकून त्यांनी टेबलावर दोन बोटांनी ताल धरला.

"पास?"

"तसा पास. पण खाली शेरा आहे."

"काय लिवलं?"

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "तुम्हाला सिकल आहे हे माहीत आहे ना?"

ताल थांबला. मास्तरांनी मागं वळून बाकाकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. तरी त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"हे तुमी कागदावर लिवलं?"

"लिहावंच लागतं."

"नाकाडे भाऊ," त्यांचा आवाज एकदम उतरला, "माहं कार्ड पेटीत तळाशी आहे. पाच वर्सं झाले, बाहेर काढलं नाही. प्रणिताचं पयलं जुळलं होतं ते याच्यानंच मोडलं. शिबिरातली कोनी बाई बोलून गेली. लोक असं पाहे आमच्याकडं, जसं घरात काही मेलं हाय. आता हे दुसरं. पोरगा चांगला हाय, शाळेत मास्तर हाय. अन् त्या दाताच्या दवाखान्यात फायली कोन सांभाळते माहीत हाय का? कांता. पोराची मावशी."

मी पुन्हा पहिल्या ओळीकडं पाहिलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची ना भाऊ. हे खालचं खोडून टाका. आकडा तं खराच हाय ना?"

आता इथं मी एक वाक्य बोलायला हवं होतं. आकडा खरा नाही, हे ते वाक्य. मी तोंड उघडलंही होतं. पण मास्तरांनी माझा हात धरला. क्लॅरिनेटच्या चाव्यांवर फिरून त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते, ते मला जाणवले.

"तुमच्या बहिनीच्या लग्नात मी वाजवलं होतं. आठवते ना? माह्या पोरीचं लगन आता तुमच्या हातात हाय."

तोपर्यंत माझ्या हातात कुणी काही दिलं नव्हतं. डॉक्टर लोक मला आकडे मागायचे, पेशंट मला पावती मागायचे. एका माणसानं आपल्या मुलीचं लग्न माझ्या हातात दिलं, आणि मी फुगलो. दुसरी ओळ मी त्यांना वाचून दाखवलीच नाही. कॉम्प्युटरकडं वळलो, दोन्ही ओळी पुसल्या आणि नवा कागद काढला. खाली नागपूरच्या डॉक्टरांची सही होतीच. जुना कागद मास्तरांसमोर फाडला. त्यांनी दोन्ही हात जोडले. ते गेल्यावर मला फार बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

मनात ठरवलं होतं की डॉक्टर बाईंना तोंडी सांगायचं. तोंडी सांगितलं की कांताबाईंच्या फायलीत काही जाणार नाही, लग्नही वाचेल, दातही वाचतील. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. योजना चांगली होती. आणि ती पार पाडायची संधीही दुसऱ्या दिवशी स्वतःहून चालत आली. सकाळी अकराला डॉ. वैरागडेंचाच फोन आला.

"नाकाडे, मेश्रामांचा रिपोर्ट आला का? आकडा काय आहे?"

"पाच पॉइंट नऊ, मॅडम."

"वा. मला वाटलं होतं जास्त येईल. हिरड्या पाहून तर मधुमेहच वाटत होता."

हिरड्या खरं बोलत होत्या. मला फक्त 'मॅडम, तुमचा अंदाज बरोबर आहे' एवढं म्हणायचं होतं. पण वर्षभरापूर्वीची एक गोष्ट मला त्याच क्षणी आठवली. एका म्हातारीच्या कॅल्शियमबद्दल मी त्यांना आपण होऊन फोन केला होता, हाडाची वाढ, ड जीवनसत्त्व, असं बरंच बोललो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या होत्या, "नाकाडे, तुम्ही आकडा कळवा. अर्थ आम्ही काढू." त्यात शिवी नव्हती, अपमानही नव्हता. तरी वर्षभर मी ते वाक्य पोसलं होतं.

"अजून काही?" त्या विचारत होत्या.

"नाही मॅडम. आकडा तेवढा कळवला."

फोन ठेवला. काढा आता अर्थ, असं मी मोठ्यानं म्हणालो. लॅबमध्ये ऐकायला कुणी नव्हतं.

तीन आठवड्यांनी मास्तरांच्या वरच्या जबड्यात दोन स्क्रू बसले. त्याआधी, त्यानंतर, रोज सकाळी मी ठरवायचो की आज फोन करीन. मग वाटायचं, आता बसलेच आहेत, आता सांगून त्या मलाच विचारतील की आधी का नाही बोललास. मग वाटायला लागलं, कदाचित काही होणारही नाही. सातच असेल साखर. सातवर बसतात पुष्कळांचे. मास्तर भेटले की ओठ वर करून दाखवायचे.

"आपलं म्हनून रायलं हाड. आतून समजते मले."

"गोड कमी करा मास्तर," मी म्हणायचो. एवढीच माझी हिंमत.

"लगनसराई हाय जी. वाजवाले गेलं का लोक लाडू बुंदी हातात देतेच. मी वाजवत नाही आता, तं नुसता पुढं उभा रायतो. उभं रायल्याचं तरी खाऊ द्या."

मार्चमध्ये हिरडीतून पू यायला लागला. डॉक्टर बाईंनी धुतलं, औषधं दिली, पुन्हा धुतलं. होळीनंतर एक स्क्रू बोटानं हलायला लागला, आठवड्यानं दुसरा. त्या दिवशी बाईंनी मास्तरांना स्वतःच्या गाडीतून लॅबमध्ये आणलं. गाल सुजला होता. मास्तरांनी त्यावर रुमाल धरला होता.

"नाकाडे, यांची जेवणानंतरची साखर करा. आत्ता."

तीनशे बारा आली. बाईंनी तो कागद दोनदा वाचला.

"पण तेव्हा पाच पॉइंट नऊ होतं ना?"

"मशीन जुनं आहे, मॅडम," मी म्हणालो.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता विचारतील. पण त्यांनी मान हलवली. "नाही, माझंच चुकलं. हिरड्या दिसत असताना मी एकाच आकड्यावर विसंबायला नको होतं. दोन तपासण्या करून घ्यायला हव्या होत्या." आणि माझ्यासमोर, त्या तरुण मुलीनं मास्तरांची माफी मागितली. मास्तरांनी सुजलेल्या गालानं हात हलवला, जाऊ द्या म्हणून. मी टेबलावरच्या नळ्या लावत होतो. त्या आधीच लागलेल्या होत्या.

स्क्रू काढताना सोबत हाडही गेलं. समोरचा भाग असा खचला की पुढं कवळीसुद्धा धड बसेना. बाईंनी दीड-दोन वर्षांत दवाखाना नागपूरला हलवला. कारण दुसरंही असेल, मी विचारलं नाही.

वैशाखात लग्न झालं. मी गेलो होतो. न जाणं बरं दिसलं नसतं. मुलगी निघायच्या वेळी बँड उभा राहिला आणि मास्तर लाल कोट घालून, टोपी घालून पुढं आले. हातात क्लॅरिनेट. त्यांनी ती तोंडाला लावली, डोळे मिटले, आणि सूर निघाला. लोक गप्प झाले. बायका पदर डोळ्याला लावू लागल्या. मी मांडवाच्या कडेला उभा होतो, तिथून मला दिसत होतं की मास्तरांचे गाल हलत नव्हते. त्यांच्या मागच्या रांगेत, ढोलाच्या आड, त्यांचा पुतण्या वाजवत होता. मास्तर फक्त चाव्यांवर बोटं फिरवत होते. एकही बोट चुकलं नाही. प्रणिता गाडीतून वळून वळून बापाकडं बघत होती.

जेवायच्या पंगतीत मी जिलबी घेतली नाही. शेजारच्यानं विचारलं, तुम्हालाही साखर का? हो म्हणालो.

सहा वर्षं गेली. लॅबमध्ये नवीन मशीन आलं, ते सिकल असलं तरी आकडा बऱ्यापैकी नीट देतं. माझे केस गेले. मास्तर रस्त्यात दिसले तर मी पानठेल्यावर थांबायचो, ते पुढं जाईपर्यंत.

एक दिवस प्रणिता आली. पाचवा महिना होता. डॉक्टरांनी साखरेची तपासणी सांगितली होती. तिनं पिशवीतून फाईल काढून टेबलावर ठेवली आणि फाईलच्या पहिल्याच पानावर, प्लास्टिकमध्ये, दोन कार्डं लावलेली होती. एक पिवळं, एक पांढरं.

मी कार्डांकडं बघत राहिलो.

"पिवळं माझं, पांढरं यांचं," ती सहज म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या, एकच पिवळं आहे तर बाळाला लालची भीती नाही."

"हे सासरी कधी कळलं?"

"लग्नाआधीच, काका. साक्षगंधाच्या आधी बाबा स्वतः गेले होते त्यांच्या घरी. कार्ड घेऊन. म्हणाले, पोरगी देतो ते लपवून देत नाही, पाहा अन् मग हो म्हना. सासऱ्यांनी आमची दोघांची तपासणी करवली. यांचं पांढरं आलं. मग कांतामावशीच म्हणाल्या, आता काय, साखरपान करा."

"साखरपुडा कधी होता तुमचा?"

"दिवाळी झाल्यावर लगेच."

दिवाळीनंतर लगेच. मास्तरांनी माझ्याकडून ओळी खोडून घेतल्या त्याला तेव्हा दहा दिवसही झाले नव्हते. स्क्रू बसायला अजून अर्धा महिना होता. एका माणसानं घाबरून मूठ झाकली आणि पाच-सात दिवसांत लाजून ती स्वतःच उघडली. सासऱ्याला माहीत होतं, जावयाला माहीत होतं, दवाखान्यात फाईल सांभाळणाऱ्या मावशीला माहीत होतं. जिला माहीत असायला हवं होतं ती एक डॉक्टर तेवढी राहिली. मी खुर्चीवर बसलो.

"काका, बरं नाही का?"

"आहे, आहे."

तिचं रक्त घेतलं. नमुना लावला. रिपोर्ट आला तेव्हा नवीन मशीन असूनही मी खाली शेरा टाइप केला, पूर्ण, आणि तिला समोर बसवून दोन्ही ओळी मराठीत वाचून दाखवल्या. सिकल असलेल्या माणसाच्या साखरेचा हा आकडा कधीकधी फसवा असतो, म्हणून जेवणानंतरचीही पाहायची, हे दोन-दोनदा सांगितलं. ती लक्षपूर्वक ऐकत होती. मग तिनं कागदावरून नजर न उचलता विचारलं,

"बाबांच्या रिपोर्टवर होता का असा शेरा?"

सहा वर्षं मी हा प्रश्न टाळत होतो आणि तो विचारायला कुणी येईल असं वाटलं नव्हतं.

"होता," मी म्हणालो. "त्यांनी खोडायला सांगितला. मी खोडला. तो दातांसाठी आहे हे त्यांना सांगितलं नाही."

तिनं कागद फाईलमध्ये लावला. मग फाईल बंद केली.

"स्क्रू काढले त्या दिवसापासून बाबांनी गोड सोडलं आहे, काका. म्हणतात, माह्या जिभेनं माहे दात खाल्ले. माझ्या लग्नाची जिलबीसुद्धा नाही घेतली त्यांनी." ती उठली. "मी नाही सांगणार. तुम्हीच जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मास्तर ओसरीवर उन्हात बसून क्लॅरिनेटच्या तोंडाला बसवतात ती वेताची पत्ती घासत होते. आता ते वाजवत नव्हते, पण आसपासच्या गावांतले वाजवणारे पत्ती बसवून घ्यायला त्यांच्याकडंच येत. मला पाहून त्यांनी गोणपाट सरकवलं. मी बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दुसरी ओळ, फोन, कॅल्शियमची ती जुनी अढी, तीनशे बारा. काही गाळलं नाही.

मास्तर पत्ती घासत राहिले. संपल्यावर ती उजेडाकडं धरून पाहिली.

"तुमचा काय दोष," ते म्हणाले. "मीच म्हनलो होतो ना, खोडा म्हनून."

मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

थोड्या वेळानं त्यांनी पत्ती खाली ठेवली. रिकाम्या हिरडीवरून जीभ फिरवली.

"पन मले तवा इतलंच सांगाचं होतं नाकाडे भाऊ, का हे खालचं लिवलेलं दातासाठी हाय. मले वाटलं, लग्नासाठी हाय. लग्नाचं तं मी निपटून घेतलं असतं जी. घेतलंच."

मी खाली बसलो. ते माझ्याकडं बघत नव्हते. बोटं मांडीवर हलत होती, एकेक करून, चाव्यांवर हलावीत तशी. मग त्यांनी आत तोंड करून बायकोला हाक मारली.

"दोन चहा टाक. भाऊच्यात साखर घाल, माह्यात नोको."